रॉकेटची मोटर आणि उलटा धक्का

दिवाळीच्या रात्रीं अंगणांतल्या बाटलींतून सुटणारा बाण ज्यानें पाहिला नाहीं असा श्रोता महाराष्ट्रांत विरळा. कागदाची एक घट्ट नळी, तींत ठासलेली दारू, आणि त्या नळीला दोऱ्यानें बांधलेली एक लांब काडी. एवढाच त्या बाणाचा संसार. अठराव्या शतकांत हैदर आणि टिपू यांच्या सैन्यानें जे अग्निबाण वापरले त्यांची नळी लोखंडाची होती आणि ती चामड्याच्या पट्ट्यांनीं बांबूला बांधलेली असे. परंतु घडण तीच. या दोन्ही बाणांच्या बाबतींत बांधणीचा प्रश्न सोपा होता, कारण दोहोंपैकीं एकालाहि परत यावयाचें नव्हतें. काडी जळाली काय किंवा नळी सुटली काय, बाण वर गेला कीं त्याचें काम संपलें. पण जें वर जाऊन पुन्हा खालीं यावयाचें आहे, धडपणें यावयाचें आहे, आणि ज्याच्या खालीं माणसें उभीं आहेत, त्याची बांधणी निराळा विचार मागते.

असा विचार ज्याच्या मुळाशीं आहे तें रॉकेट म्हणजे अमेरिकेंत जन्मलेलें नमुना-रॉकेट. नेब्रास्का संस्थानांतील नॉरफोक गांवीं ऑरव्हिल कार्लाइल नांवाचा जोड्यांचा एक दुकानदार होता. त्याला शोभेच्या दारूकामाचा छंद होता. १९५४ सालीं त्यानें कागदी अंगाचें, मोटर बदलतां येईल असें, आणि हवाई छत्रीनें खालीं उतरणारें एक लहान रॉकेट तयार केलें. पुढें १९५७ सालीं जी. हॅरी स्टाइन यांनीं ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ ही संस्था स्थापन केली. मुलांनीं घरच्या घरीं दारू कुटून हात गमावूं नयेत, कारखान्यांत तयार झालेली मोटर विकत घ्यावी आणि आपली बुद्धि रॉकेटच्या घडणीवर खर्च करावी, हा या छंदाचा मूळ दंडक होय. येथें मोटर म्हणजे रस्त्यावरची गाडी नव्हे आणि विजेचें यंत्रहि नव्हे. पुढून बंद, मागें तोटी, आणि पोटांत घन इंधन, अशी जी नळी ती रॉकेटची मोटर.

मोटरीचा रेटा आणि तो टिकण्याचा काळ यांच्या गुणाकारानें तिचें सामर्थ्य मोजतात आणि तें इंग्रजी अक्षरांनीं दाखवितात. प्रत्येक पुढच्या अक्षराची वरची मर्यादा आधीच्या अक्षराच्या दुप्पट असते. ‘ए’ मोटर अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत जाते, ‘एच’ ३२० पर्यंत, तर ‘के’ २५६० पर्यंत. सामान्यतः ‘एच’ पासून पुढें उच्चशक्तीचा प्रांत सुरू होतो. तेथें कागदी नळीचा निभाव लागत नाहीं. तेथल्या पुष्कळ मोटरींचें कवच अल्युमिनियमचें असतें आणि तें साफ करून पुन्हा भरतां येतें. अमोनियम परक्लोरेटची पूड रबरासारख्या द्रव्यांत घट्ट बसविलेली असते, तेंच इंधन. अशी मोटर उडवूं इच्छिणाऱ्यास वर सांगितलेल्या संस्थेकडून किंवा ‘ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन’ या दुसऱ्या संस्थेकडून प्रमाणपत्र मिळवावें लागतें. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलींत ‘एच’ आणि ‘आय’, दुसरींत ‘जे’, ‘के’ आणि ‘एल’, तिसरींत ‘एम’ व त्यापुढील मोटरी येतात.

आतां सर्वसाधारण रॉकेटांत मोटर कशी बसवितात तें पाहावें. रॉकेटची बाहेरची नळी रुंद असते. तिच्या आंत मोटरीच्या मापाची दुसरी बारीक नळी असते, आणि या दोहोंमध्यें लाकडाचीं किंवा काचतंतूचीं कडीं बसवून आंतली नळी मधोमध धरलेली असते. सर्वांत मागच्या कड्याला भरपूर रुंदी असल्यामुळें तेथें स्क्रू बसवितां येतात, पकडी लावतां येतात, किंवा आट्यांचें टोपण फिरवून मोटर कोंडतां येते. धरावयास जागा असल्यावर धरण्याच्या युक्त्यांना तोटा नसतो.

परंतु उंच जाण्याची ईर्षा ज्याला आहे त्याला ही रुंदी परवडत नाहीं. हवेचा अडथळा रॉकेटच्या समोरच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो. ५४ मिलीमीटरची मोटर १०० मिलीमीटरच्या अंगांत घातली तर हवेपुढें जेवढें क्षेत्रफळ उभें राहतें, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनहि थोडें कमी क्षेत्रफळ तीच मोटर ५७ मिलीमीटरच्या अंगांत घातल्यास उभें राहतें. म्हणून उंचीचे उपासक आंतली नळी काढून टाकतात, कडीं काढून टाकतात, आणि मोटर सरळ बाहेरच्या नळींतच सरकवितात. तलवारीवर म्यान बसावें तशी ती नळी मोटरीवर बसते. यालाच न्यूनतम व्यासाचें रॉकेट म्हणतात. त्याला वजन कमी, अडथळा कमी आणि वेग ध्वनीच्याहि पुढें. फक्त एक गोष्ट या काटकसरींत हरवते, ती म्हणजे मोटर धरून ठेवण्याची जागा.

येथें कोणाहि सूज्ञ माणसाच्या मनांत पहिली शंका येते ती ही कीं, एवढ्या जोरानें पेटलेली मोटर रॉकेटला फाडून पुढें निघून जाणार नाहीं काय? ही शंका स्वाभाविक असली तरी ती निराधार आहे. समजा, ‘के’ वर्गाची एक मोटर दोन सेकंद जळते आणि सरासरी १००० न्यूटन, म्हणजे सुमारें शंभर किलो वजनाइतका, रेटा देते. अशा बहुतेक मोटरींच्या मागच्या झांकणाला एक कंगोरा असतो. तो नळीच्या मागच्या कडेवर टेकतो आणि सगळा रेटा त्या कडेच्या द्वारें रॉकेटच्या अंगांत जातो. मोटर पुढें जाऊं पाहते आणि कंगोरा तिला पुढें जाऊं देत नाहीं. तेथें स्क्रू लागत नाहीं, गोंद लागत नाहीं. जितका रेटा अधिक तितकी मोटर अधिकच घट्ट बसते.

मोटर विझल्यावर रॉकेट कांहीं काळ नुसत्या वेगावर चढत राहतें. या वेळीं हवा रॉकेटच्या अंगाला मागें रेटते, पण आंतली जड मोटर आपल्या वेगानें पुढेंच जाऊं पाहते. भरधाव गाडीला एकाएकीं ब्रेक लागला म्हणजे आंतले उतारू पुढें झुकतात, तसाच हा प्रकार. म्हणजे येथेंहि कंगोराच मोटरीला आवरतो. अशा रीतीनें प्रवासाचा सगळा गाजावाजाचा भाग, ज्वाळांचा, धुराचा आणि गर्जनेचा भाग, मोटरीला कोणीं बांधली नसतांहि निर्विघ्न पार पडतो. आणि हाच भाग नवशिक्याला फसवितो.

खरा प्रसंग येतो तो सर्व शांत झाल्यावर. रॉकेट आपल्या सर्वोच्च बिंदूशीं पोहोंचलें आहे, वेग जवळजवळ संपला आहे, आवाज नाहीं, धूर नाहीं. या क्षणीं नळीच्या आंत ठेवलेली चिमूटभर बंदुकीची दारू पेटते. तिच्या वायूनें नळींत दाब वाढावा, टोकाचा शंकु उडून जावा आणि छत्री बाहेर यावी, अशी योजना असते. परंतु वायूला योजना कळत नाहीं. तो जितक्या जोरानें शंकूला पुढें ढकलतो तितक्याच जोरानें मोटरीच्या पुढच्या झांकणाला मागें ढकलतो. ५४ मिलीमीटर व्यासाचें क्षेत्रफळ सुमारें २३ चौरस सेंटिमीटर भरतें. नळींतला दाब बाहेरच्यापेक्षां एक वातावरण इतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलो, अधिक झाला तर मोटरीवर जवळजवळ २४ किलोंचा धक्का मागच्या दिशेनें बसतो. शंभर किलोंपुढें हे २४ किलो थोडे वाटतील. पण त्या शंभर किलोंच्या वाटेंत कंगोरा उभा होता, आणि या २४ किलोंच्या वाटेंत कांहींच उभें नाहीं.

एकाच खोलीला दोन दारें असलीं आणि आंतून लोट आला, तर ज्याची कडी कच्ची तें दार उघडतें. रॉकेटची नळी हीहि दोन दारांची खोलीच आहे. पुढें शंकु आणि मागें मोटर. त्यांतून चढतां चढतां शंकु आपोआप सुटूं नये म्हणून सावध माणूस त्याला नायलॉनचे दोन-तीन बारीक स्क्रू लावतो. ते ठराविक जोरापर्यंत धरतात आणि मग तुटतात. ही खबरदारी योग्यच आहे, पण तिचा एक परिणाम ध्यानांत येत नाहीं. पुढचें दार जितकें पक्कें केलें तितका आंतला दाब अधिक चढावा लागतो, आणि तो सगळा दाब मागच्या दारावरहि बसतो. शंकूची काळजी घेणारानें मोटरीची तितकीच काळजी घेतली नाहीं, तर त्यानें आपल्या हातानें मोटर बाहेर काढण्याची सोय केली असेंच म्हणावें लागेल.

मोटर मागून निसटली म्हणजे काय होतें? मागचें तोंड उघडें पडतें, दाब ओसरतो, आणि शंकु जागच्या जागीं राहतो. छत्री आंतच राहते. मग आकाशांतून दोन वस्तु खालीं येतात. पैकीं धातूचें रिकामें कवच गिरक्या घेत कोठेंतरी पडतें. दुसरें तें रॉकेट. त्याच्या मागचें वजन गेल्यामुळें तें नाक खालीं करून सरळ सूर मारतें. हवेला कमींत कमी अडावें म्हणूनच तें घडविलेलें असतें, आणि खालीं येतांनाहि तें आपला हा गुण सोडीत नाहीं. कांहीं हजार मीटरांवरून येतांना त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरांच्या पुढें सहज जातो. लहान नमुन्यांच्या कांहीं प्रकारांत हलकी कागदी मोटर मुद्दाम बाहेर टाकण्याची रीत आहे आणि तींत कोणाला इजा नाहीं. धातूच्या कवचाची गोष्ट तशी नव्हे. म्हणूनच प्रमाणपत्राच्या उड्डाणांत एखादा भाग छत्रीच्या दोरीला जोडलेला नसतां सुटा खालीं आला तर तें उड्डाण बाद ठरतें, मग बाकीचें सर्व कितीहि सुरेख झालेलें असो.

उलटा धक्का केवळ दारूचाच असतो असेंहि नाहीं. आणखी दोन कारणें आहेत, आणि तीं दोन्हीं बोलूनचालून मुकीं. पहिलें कारण आंत कोंडलेली हवा. सुमारें साडेपांच हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. नळींत जमिनीवरची हवा बंद राहिली असेल तर ५४ मिलीमीटरच्या मोटरीवर ती एकटी बारा किलोंच्या आसपास जोर लावते. म्हणून नळीला एक बारीक भोंक ठेवावें लागतें, म्हणजे हवा चढतां चढतां निघून जाते. दुसरें कारण छत्री उघडतांनाचा हिसका. छत्रीची दोरी रॉकेटच्या अंगाला एकाएकीं थांबविते, पण मोटर थांबत नाहीं. ती ज्या दिशेला जात होती त्या दिशेला जाऊं पाहते, आणि रॉकेट शेपटी खालीं करून लटकलें असेल तर ती दिशा मागच्या तोंडाची असते.

यावर उपाय कोणते? सर्वांत जुना उपाय घर्षणाचा. कवचावर कागदी चिकटपट्टीचे वेढे द्यावयाचे आणि मोटर नळींत दाबून बसवावयाची. लहान रॉकेटांत हा उपाय चालतो. पण तो हाताच्या अदमासावर अवलंबून आहे. कागदी नळी दमट हवेंत फुगते व कोरड्या हवेंत सैल पडते, आणि जळून झाल्यावर कवच इतकें तापतें कीं पट्टीचा चीक मऊ होतो. म्हणजे सकाळीं घट्ट बसलेली मोटर नेमक्या धक्क्याच्या क्षणीं सैल झालेली असूं शकते. उलट वेढा एक जास्त झाला तर मोटर अडकून बसते आणि उड्डाणानंतर ती बाहेर काढतां काढतां नळीची नासाडी होते.

दुसरा उपाय बाहेरच्या पट्टीचा. न्यूनतम व्यासाच्या रॉकेटांत मोटरीचा कंगोरा आणि नळीची बाहेरची बाजू जवळजवळ एका पातळींत येतात. त्या सांध्यावर मजबूत धातूची चिकटपट्टी गुंडाळली तर मोटर नळीला बाहेरून जखडली जाते. उपाय साधा आहे, डोळ्यांना दिसतो, आणि उडविण्यापूर्वीं दुसऱ्यालाहि तपासतां येतो. पण पृष्ठभाग तेलकट असला, पट्टीला सुरकुती राहिली, किंवा वेढा अपुरा पडला तर त्याची शाश्वति नाहीं.

तिसरा उपाय, आणि मोठ्या मोटरींसाठीं पुष्कळांनीं पसंत केलेला, तो मोटरीला मागून न धरतां पुढून धरण्याचा. कांहीं मोटरींच्या पुढच्या झांकणाला मधोमध आट्यांचें भोंक असतें. नळीच्या आंत, मोटरीच्या डोक्यापाशीं, एक आडवी तबकडी पक्की चिकटवितात. तिच्यांतून स्क्रू किंवा आट्यांची सळई जाते आणि मोटर त्यावर फिरवून आवळली जाते. मग मागें कंगोरा आणि पुढें स्क्रू अशी मोटर दोहोंकडून बद्ध होते. यांत दुसराहि लाभ आहे. तबकडी चांगली बंद असेल तर दारूच्या वायूचा दाब तबकडीवरच थांबतो आणि मोटरीपर्यंत पोहोंचतच नाहीं. कांहींजण तबकडीहि गाळतात, मोटरीच्या डोक्यांत कडीचा बोल्ट बसवून छत्रीची दोरी थेट त्यालाच बांधतात. मग छत्री मोटरीला ओढते आणि मोटरीचा कंगोरा नळीला उचलतो. परंतु या शेवटच्या प्रकारांत दोरी ताणली जाईपर्यंत मोटरीला मागें सरकण्यास मोकळीक राहते, हें विसरतां कामा नये.

पुढून धरण्याच्या या उपायाची एक किंमत आहे. ज्या मोटरींत विलंबानें जळणारा मसाला आणि छत्रीची दारू पुढच्या झांकणांतच असते, त्यांच्या झांकणांत आट्यांच्या भोंकाला सहसा जागा उरत नाहीं. तेव्हां झांकण बंद असलेली मोटर घ्यावी लागते, आणि छत्री उघडण्याचें काम हवेच्या दाबावरून उंची ओळखणाऱ्या विजेच्या उपकरणाकडे द्यावें लागतें. म्हणजे मोटर कशी धरावी हा प्रश्न सुटा नाहीं. त्याचें उत्तर बदललें कीं छत्रीची सगळी व्यवस्था बदलते. एक गोष्ट मात्र कोणत्याहि परिस्थितींत वर्ज्य आहे. कवचाला भोंक पाडून त्यांत स्क्रू बसविण्याचा मोह कोणालाहि होऊं नये. जळतांना त्या कवचाच्या आंत वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो. त्याला पाडलेलें भोंक म्हणजे स्फोटाला दिलेलें निमंत्रण होय.

चिकटद्रव्याचाहि विचार केला पाहिजे. सामान्य इपॉक्सी साठ-सत्तर अंश उष्णतेच्या सुमारास मऊ पडूं लागतें. न्यूनतम व्यासाच्या रॉकेटांत तापलेलें कवच आणि नळी यांच्यामध्यें कागदाएवढेंच अंतर असतें. म्हणून मोटरीच्या डोक्याजवळची तबकडी उष्णता सोसणाऱ्या द्रव्यानें चिकटविणें हेंच शहाणपणाचें.

आणि इतकें सर्व केल्यावरहि एक कसोटी उरते. ती आकाशांत नव्हे, जमिनीवर द्यावयाची असते. कवच रिकामें, म्हणजे इंधनावांचून, पण वजनानें व मापानें खऱ्यासारखें, रॉकेटांत बसवावयाचें. छत्री घडी करून ठेवावयाची. शंकूचे स्क्रू लावावयाचे. आणि सर्वांना दूर उभें करून, रॉकेटच्या पुढची व मागची दोन्ही बाजू मोकळी ठेवून, छत्रीची दारू विजेनें पेटवावयाची. शंकु उडाला आणि मोटर तसूभरहि हलली नाहीं, तर त्या रॉकेटला आकाशाचा परवाना मिळाला. मोटर हलली, तर ती जमिनीवर हलली हें भाग्यच समजावें. ही परीक्षा कंटाळवाणी आहे आणि तिला प्रेक्षक नसतात. पण या छंदांतल्या पुष्कळ पराजयांचें कारण हीच न दिलेली परीक्षा होय.

काटकसरीची ही वाट शेवटीं कोठें जाते हेंहि पाहण्यासारखें आहे. १७ मे २००४ रोजीं नेवाडांतील ब्लॅक रॉक वाळवंटांतून छांदिष्टांच्या एका गटानें सोडलेलें ‘गोफास्ट’ रॉकेट शंभर किलोमीटरांची सीमा ओलांडून अवकाशांत गेलें. २०१९ सालीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचें ‘ट्रॅव्हलर फोर’ हेंहि न्यू मेक्सिकोंतून त्याच सीमेपलीकडे पोहोंचलें. अशा रॉकेटांत मोटरीभोंवतीं वेगळी नळीच नसते. मोटरीचें कवच हेंच रॉकेटचें अंग. मग मोटर नळीला कशी बांधावी हा प्रश्न मिटला असें वाटेल, पण तो मिटत नाहीं. तो एक पायरी वर सरकतो, आणि छत्रीचा कप्पा मोटरीच्या डोक्याला कसा बांधावा, असें रूप घेऊन पुन्हा समोर उभा राहतो.

दिवाळीचा बाण आणि हें रॉकेट यांच्यांतला भेद दारूच्या प्रमाणांत नाहीं. तो परतीच्या प्रवासाच्या विचारांत आहे. बाण करणारा फक्त वर जाण्याचा जोर मोजतो. रॉकेट करणाऱ्याला तो जोर ओसरल्यावर उलट दिशेनें येणारा, क्षणभरच टिकणारा धक्काहि मोजावा लागतो. कारण पहिल्या जोराला अडविण्यास कंगोरा पुरतो, पण दुसऱ्याला अडविण्यास आधीं केलेला विचार लागतो. तो केलेला असेल तर रॉकेट छत्रीखालीं डुलत उतरतें, आणि वाळवंटांत उभीं असलेलीं माणसें मान वर करून तें निश्चिंतपणें पाहूं शकतात.